अकरा छपरांची भावकी

माती, वरची चार बोटं

आधी माती बघू. माणसं आहेतच, ती कुठं जात नाहीत.

जुन्नरच्या वरच्या अंगाला, जिथं घाटाचा वारा अडवायला काहीच नाही, त्या पठारावर आंबेदरा नावाचं गाव आहे. गावाच्या उशाला अकरा पॉलीहाउस आहेत. सगळी बायकांची, एकाच गटाची. लोक त्यांना अकरा छपरं म्हणतात. पांढऱ्या प्लास्टिकखाली लांबच लांब गादीवाफे, वाफ्यांवर ठिबकच्या नळ्या, आणि दोऱ्यांना बांधून माणसाच्या डोक्यावर चढवलेली ढोबळी मिरची. लाल आणि पिवळी.

या वाफ्यांतली माती चिमटीत धरली तर त्या चिमटीत एखाद्या शहराहून जास्त वस्ती असते. पूर्वी या वस्तीत बाहेरून कोणाला घुसवणं कर्मकठीण होतं. जैविक खताचं पाकीट आणायचं, गुळाच्या पाण्यात कालवायचं, मुळाशी सोडायचं. पाकिटातले जिवाणू गुणी असत. कोणी हवेतला नत्र धरून देणारा, कोणी दगडासारखा बसलेला स्फुरद विरघळवून मुळांच्या तोंडी घालणारा. पण मातीतले मूळचे रहिवासी त्यांना उभं राहू देत नसत. थोड्याच दिवसांत पाहुणे मरून जायचे आणि शेतकरी म्हणायचा, खत बोगस होतं.

मग कंपनीने नवं काढलं. एकट्यादुकट्याला पाठवायचंच नाही, अख्खं खानदान पाठवायचं. नत्रवाला, स्फुरदवाला, मुळाच्या आत शिरून पांढऱ्या धाग्यांनी लांबचं पाणी ओढून आणणारी बुरशी, आणि त्यांचे आणखी काही सोयरे. प्रयोगशाळेत त्यांना असं घडवलं होतं, की एकाने टाकलेलं ते दुसऱ्याचं जेवण. एकटा पडला की मेला, म्हणून कोणी एकटा पडत नाही. ते एकमेकांशी रसायनांनी बोलतात. मी इथे आहे, तू आहेस का? पुरेशी उत्तरं आली की सगळे मिळून एक काम करतात. ज्याला हे बोलणं येत नाही, त्याचं अन्नपाणी तोडतात. मारत नाहीत. त्याला काही वाढत नाहीत, एवढंच. तो आपोआप सुकतो.

पिशवीवर या खताचं नाव आकड्यांत होतं. आंबेदऱ्याच्या बायकांनी ते कसं वागतं हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग ही तर भावकी.

भावकीने मिरची दुप्पट दिली. शेवटी भावकी फसवी निघेल अशी वाट बघत कोणी ही गोष्ट वाचू नये. ती फसवी नव्हती. तिने जे सांगितलं ते केलं.

घर नंबर सात

"ताई, मान सरळ. कोंबडीसारखी काय हलवताय?"

"तू ओढतेस केवढी! कोणाचा राग काढतेस माझ्यावर?"

"नितीनचा. तो बोटीवर आहे, तुम्ही हाताशी आहात."

उज्ज्वला फापाळेचा उजवा खांदा आखडला होता, हात डोक्याच्या मागे जात नव्हता. म्हणून तिची धाकटी जाऊ तेजश्री रोज सकाळी तिची वेणी घालायची. उज्ज्वला गटाची अध्यक्ष, पन्नाशीला आलेली. तेजश्री तिच्याहून पुष्कळ लहान, कृषी पदविका झालेली. उज्ज्वलाचा नवरा दत्तात्रय मिरचीचा टेम्पो चालवायचा. तेजश्रीचा नवरा नितीन मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होता, वर्षातून दोनदा यायचा. घर एक, चूल एक.

तेजश्री याच गावातली, पण ओढ्यापलीकडची. ओढ्यापलीकडची म्हणजे काय, ते आंबेदऱ्यात कोणी फोड करून सांगत नाही आणि कोणाला सांगावंही लागत नाही. नितीनने तिच्याशी लग्न केलं तेव्हा गावातलं कोणी त्याच्याशी बोलेना. उज्ज्वला बोलली. तिने तेजश्रीची ओटी भरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या भावकीसमोर, म्हणजे माणसांच्या भावकीसमोर, तिच्या हातचा चहा प्यायली. त्या चहाचा उज्ज्वलाला अजून अभिमान होता. तो किती दिवस पुरला, तेच इथे सांगायचं आहे.

अकराही छपरांत जाणाऱ्या बायका दोनच. बाकीच्या आपापल्या छपरात. तेजश्री जायची कांड्यांसाठी. प्रत्येक वाफ्यात कंपनीने एक कांडी खोचली होती; ती भावकीचं बोलणं ऐकायची आणि रंग दाखवायची. हिरवा म्हणजे घरात शांतता. लाल म्हणजे कोणीतरी परका आलाय, आणि आतले त्याच्या मागे लागल्यामुळे मिरचीकडे कोणाचं लक्ष नाही.

उज्ज्वला जायची खुडायला. ढोबळी मिरचीच्या झाडाला दोन फांद्या ठेवून बाकीचे फुटवे काढावे लागतात. कात्रीने देठ चेचतो. उज्ज्वला अंगठ्याच्या नखाने खुडायची, असं स्वच्छ की जखम दुसऱ्या दिवशी सापडायची नाही. तिच्या नखासारखं नख तालुक्यात नव्हतं. हातमोजे घालून नख चालत नाही, म्हणून तिला हातमोजे माफ होते.

आणि उज्ज्वला मशेरी लावायची.

हे कोणाला माहीत नव्हतं, असं ती समजत होती. गटाने मशेरीबंदीचा ठराव केला होता. उज्ज्वलानेच केला होता. कॅन्सरच्या डॉक्टरांबरोबर गावोगाव भाषणंही दिली होती. भाषणं देऊन घरी यायची, न्हाणीच्या मागे जायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू चिमटीने चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची. डोकं हलकं व्हायचं. मग हात खळखळून धुवायची आणि छपराकडे जायची. भाजून कोळसा केलेल्या वस्तूत काय जिवंत राहणार? जिची आई, आजी, सासू तव्यावर मशेरी भाजत आल्या, ती बाई असंच समजणार.

सभा, नुसते आवाज

(कांड्या लाल झाल्यावर बोलावलेली. साठ्येमॅडम या कंपनीच्या शास्त्रज्ञ. ताराक्का गटातल्या सगळ्यांत वडील. शैला नंबर चारच्या छपराची.)

साठ्येमॅडम : अकराच्या अकरा छपरांत एकच परका जिवाणू दिसतोय. आणि तो एकाच घरातून येतोय. नंबर सात.

ताराक्का : माणूस कोण ते नाही सांगत तुमची कांडी?

साठ्येमॅडम : नाही सांगू शकत. एका घरात राहणाऱ्यांचा टॉवेल एक, पोळपाट एक, अंथरुणं एक. त्यामुळे सगळ्यांच्या कातडीवरचे जिवाणू हळूहळू सारखे होतात. परक्यासोबत ती घराची खूण पण मातीत पडते, आणि प्रत्येक घराची खूण आमच्या नोंदीत आहे. कांडी घर ओळखते.

शैला : म्हणजे उज्ज्वलाताई नाहीतर...

ताराक्का : थांब गं.

साठ्येमॅडम : एक विचारते. रागावू नका. तंबाखू, विडी, मशेरी कोणी वापरतं का? तंबाखूच्या पानावर असा एक जिवाणू असतो. संकट आलं की अंगाभोवती कवच करून बसतो. तव्यावर भाजलं तरी सगळा मरत नाही. हात धुतले तरी नखात राहतो. आणि भावकीच्या बोलण्यात नेमका मोडता घालतो.

शैला : अगं बाई, मशेरी! ती आमच्या सासवांबरोबर गेली, मॅडम.

(हशा.)

ताराक्का : ठराव भिंतीवर लावलाय, वाचा की.

साठ्येमॅडम : उज्ज्वलाताई?

उज्ज्वला : आमच्या गटात नाही.

साठ्येमॅडम : मग दुसरं काहीतरी असेल. पण असंच चालू राहिलं तर कंपनी तुमची खताची टाकी बंद करेल. नाइलाज आहे. इथून पुढे ही लागण दुसऱ्या गावांत जाऊ शकते.

तेजश्री : मॅडम, हे शोधणं सोपं आहे. नंबर सातमधून छपरांत जातो आम्ही दोघीच. आधी मी बाहेर राहते, ताई जातील. मग ताई बाहेर राहतील, मी जाईन. जिच्या पाळीत लाल, ती.

शैला : आणि दोघींच्या पाळीत लाल झाली तर?

तेजश्री : तर दोघी घरी बसून पापड लाटू.

(हशा. ताराक्का हसत नाही.)

ताराक्का : आधी तूच का बाहेर?

तेजश्री : कोणीतरी आधी असायलाच हवं ना, अक्का.

रंग

लाल.

उज्ज्वलाने मशेरी सोडली. कोणाला अडकवायला नाही. घाबरून. सभेतून घरी आली तीच न्हाणीमागे गेली आणि डबा मोरीत उपडा केला. सगळा नाही. चिमूटभर एका पुडीत बांधून ठेवली. का ठेवली, ते तिने स्वतःला विचारलं नाही. नखं मुळापर्यंत कापली. खुडताना आता बोट दुखायला लागलं.

लाल.

हिरड्या ठणकत होत्या. तोंडात लवंग धरली की थोडं बरं वाटायचं. भाकरी करपली म्हणून ती दत्तात्रयवर ओरडली, करपवली तिनेच होती.

लालसर.

तेजश्रीने वेणी घालताना विचारलं, "ताई, बरं नाही का? कपाळ तापलंय."

"उन्हाचं असेल."

"छपरात जाऊ नका आज."

"न जाऊन कसं चालेल? माझी पाळी आहे ना."

पिवळी.

आणि मग एका सकाळी अकराही छपरांत, वाफ्यांच्या ओळीच्या ओळी, डोळ्यांना गारवा देणारा हिरवा. उज्ज्वला नंबर तीनच्या छपरात उभी होती. मिरच्यांवर तेज आलं होतं. तिचा पहिला विचार, आनंदाचा. दुसरा विचार येताना तिला मिरचीच्या दोरीला धरावं लागलं.

तेजश्री बाहेर आहे, आणि कांड्या हिरव्या आहेत.

चिमूटभराचं काम

उज्ज्वलाला काही कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं. न्हाणीमागे ती पुडी तळहातावर घेऊन बसली. चिमूटभर. हिरड्यांवर एक बोट फिरवायचं, तेच बोट नंबर तीनच्या मातीत खुपसायचं. दोन दिवसांत लाल. तेजश्री सुटली.

मग टाकी बंद. मग उज्ज्वला फापाळे, गावोगाव भाषणं देणारी, तिचं नाव घेऊन पोरीबाळी पदरात तोंड खुपसून हसणार.

तिने एक वाट काढली. वाट चांगली होती, हे मान्य करायला हवं. आता माझी पाळी संपली, तेजश्रीची येईल. ती छपरांत जाईल. तिच्या अंगावर काहीच नाही, तेव्हा कांड्या हिरव्याच राहतील. दोघींच्या पाळीत हिरवं. साठ्येमॅडम डोकं खाजवतील, म्हणतील, काहीतरी होतं, गेलं. कोणीच दोषी नाही. कोणालाच काही सांगायला नको.

तिने पुडी चुलीत टाकली. धूर डोळ्यांत गेला. तिला बरं वाटलं.

झालं ते

दुसऱ्या दिवशी दुपारी गटातल्या बायका नंबर सातच्या अंगणात आल्या. आत कोणी आलं नाही. ताराक्का पायरीशी उभी राहिली.

"दुसरी पाळी करायला नको, असं सगळ्यांचं मत आहे," ती म्हणाली. "दिसायचं ते दिसलं."

तेजश्री हात पुसत बाहेर आली. "अक्का, अर्धा प्रयोग म्हणजे प्रयोग नाही. माझ्या पाळीत लाल झाली तरच मी."

"आणि झाली लाल, तर? ऐन भरातलं पीक कशाला पणाला लावायचं?"

"मग माझ्यावर ठपका कशाच्या जोरावर?"

"ठपका कोण ठेवतंय?" शैला म्हणाली. "घरोघरचं वेगळं असतं. काही काही गोष्टी रक्तातच असतात. तुझा काय दोष त्यात?"

तेजश्री वळली. "ताई, तुम्ही सांगा यांना."

उज्ज्वला उंबऱ्यात उभी होती. तिच्या तोंडात लवंग होती. ती दाढेखाली फुटली आणि जीभ बधिर झाली.

"चार दिवस थांबून बघू," उज्ज्वला म्हणाली.

सांगितलं ते

दत्तात्रय टेम्पो लावून जेवायला बसला तेव्हा उज्ज्वलाने त्याला सांगितलं, की बायका आल्या होत्या. मी पुष्कळ भांडले. म्हणाले, दुसरी पाळी झालीच पाहिजे. ताराक्काला तोंडावर म्हणाले, पोरीवर अन्याय करताय. पण दहा जणी एकीकडे आणि मी एकटी. काय करणार? शेवटी म्हणाले, चार दिवस थांबून बघू. तेवढंच हातात होतं.

दत्तात्रयने भाकरी कुस्करली. आमटी ओतली.

"आजकाल तुझ्या तोंडाला वास येत नाही," तो म्हणाला.

"कसला वास?"

"कसला नाही. मीठ दे."

तिने मीठ दिलं. त्याने ते आमटीत घातलं नाही, ताटाच्या कडेला ठेवलं आणि जेवून उठला.

माती, खाली वीतभर

इथे पुन्हा मातीत जायला हवं, कारण पुढचं माणसं तिथूनच शिकली.

परका बाहेर गेला की भावकी गप्प बसत नाही. ज्या ज्या जागी तो राहिला होता, त्या जागेभोवती ती दाट होते. त्याच्याशी मिळतंजुळतं जे जे असेल, गांडुळाच्या पोटातले जिवाणू, कुजक्या पानावरच्या निरुपद्रवी बुरश्या, त्यांचंही अन्न तोडते. त्यांनी काही केलेलं नसतं. ते फक्त त्याच्या शेजारी होते. साठ्येमॅडमनी हे तक्त्यावर रेघा काढून समजावलं होतं आणि म्हणाल्या होत्या, ही या खताची मोठी ताकद आहे.

तेजश्री नंबर सातमध्ये राहिली, तर घराची खूण एकच राहणार, मग उज्ज्वलाही छपरांत जाऊ शकणार नाही. म्हणून तेजश्रीने घर सोडावं असं ठरलं. कुठे जावं, हेही बायकांनी सुचवलं. ओढ्यापलीकडे तुझं माहेर आहेच की. भाडं नाही, काही नाही.

नितीनचा बोटीवरून फोन आला. वाऱ्यात आवाज तुटत होता. "वहिनी, काय चाललंय कळत नाही. पण तुम्ही आहात ना तिथे? मग मला काळजी नाही."

"मी आहे," उज्ज्वला म्हणाली.

छपरांच्या वाटेवर निळी पट्टी मारली गेली. तेजश्रीने पट्टीच्या पलीकडे थांबायचं. छपरांत जाणारीने तिला हात लावायचा नाही, लागलाच तर आंघोळ करून कपडे बदलायचे. सुरुवातीला सगळ्या जणी कंपनीचे शब्द वापरायच्या. संपर्क. वाहक. अंतर. ते शब्द जिभेवर नवे होते, अडखळायचे. महिन्याभरात शैला आपल्या सुनेला म्हणाली, "तिकडून जाऊ नको, शिवशील." कोणी दचकलं नाही. शब्द जुनाच होता, कोणाच्या तरी आजीच्या तोंडातला. तो फक्त माळ्यावरून खाली काढला होता.

ओढ्यापलीकडच्या सहा बायका मिरची निवडायला आणि खोक्यांत भरायला यायच्या. त्या छपरांत पाऊलही टाकत नव्हत्या. तेजश्रीच्या शेजारी राहतात म्हणून त्यांना सांगितलं गेलं, खबरदारी म्हणून थोडे दिवस येऊ नका. मग त्यांच्या वस्तीचा नळ, जो छपरांच्या पाण्याच्या टाकीवरून जात होता, तो तोडला. त्यालाही खबरदारी म्हटलं.

कांड्या हिरव्या होत्या. मिरचीला जेवढी फळं धरली तेवढी आंबेदऱ्याने कधी पाहिली नव्हती. आणि जितकी मिरची लागे तितकी तेजश्री जास्त दोषी ठरे. तिच्याविरुद्धचा पुरावा रोज खोकी भरभरून पुण्याला जात होता. दत्तात्रयच तो टेम्पोत चढवायचा. उज्ज्वलाने मशेरी लावली नाही, तोंडाला एकदाही नाही. लोक म्हणतात तसं मन मारून राहिली. तिच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट तिने खरोखर निग्रहाने पाळली, आणि तिच्या प्रत्येक चांगल्या दिवसाने तेजश्रीच्या गळ्याभोवतीचा फास एक बोट आवळला.

उज्ज्वलाची वेणी आता कोणी घालत नव्हतं. तिने केस कापून टाकले होते.

दुसरी सभा

तेजश्री पट्टीपाशी येऊन उभी राहिली, ती सकाळी. तिच्यामागे ओढ्यापलीकडच्या बायका, रिकाम्या कळश्या घेऊन. तेजश्री ओरडली नाही.

"मला एवढंच हवंय," ती म्हणाली. "दुसरी पाळी. एकाच छपरात. हवं तर सगळ्यांत रोगट वाफा द्या. मी आत जाईन, ताई बाहेर राहतील. कांडी लाल झाली तर मी गाव सोडते. नाही झाली तर यांचा नळ जोडा."

सभा गोदामात भरली. दार लावून घेतलं. तेजश्री बाहेर, पट्टीपलीकडे.

उज्ज्वला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसली होती. तिला काल झोप लागली नव्हती, आणि त्या जागरणात तिचं ठरलं होतं. आज बोलायचं. नुसतं दुसऱ्या पाळीला हो म्हणायचं नाही, सगळंच सांगायचं. ठराव मी केला, मोडला मी, लाल मी. साठ्येमॅडमना सांगा, माझं नख तपासा. त्यानंतर हसोत, थुंकोत. तोंड तयार होतं.

ती उभी राहिली.

"त्या दिवशी मॅडमनी विचारलं," ती म्हणाली, "तेव्हा मी खरं बोलले नाही."

गोदामात मिरचीचा ओला, हिरवा वास होता.  उज्ज्वलाने पुढे बोलायला मान वर केली आणि पहिल्यांदा समोरची तोंडं नीट पाहिली.

शैला गालाच्या आत काहीतरी घोळवत होती. तिच्या शेजारची बडीशेप चघळत होती, खूप वेळ, रवंथ केल्यासारखी. पलीकडची सारखी जबडा दाबत होती. कोणाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकीने पदराच्या गाठीतून काढून तोंडात टाकलं ते उज्ज्वलाला स्पष्ट दिसलं. लवंग. सबंध गोदामात, मिरचीच्या वासाखाली, लवंगेचा वास होता. गेले कित्येक दिवस होता. तो आपलाच आहे असं ती समजत आली होती.

"उज्ज्वला," ताराक्का म्हणाली. "बस खाली."

"अक्का, मला..."

"तुला एकटीलाच दात आहेत का?"

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं.

ताराक्का पुढे झुकली. तिचा आवाज मायेचा होता, लेकीला समजावतात तसा. "त्या दिवशी अकरा जणी नाही म्हणालो. मग अकरा जणींनी सोडली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण सोडली. तोंडाचं काय झालंय ते आमचं आम्हाला ठाऊक. तुझं नख सगळीकडे फिरतं म्हणून तुझं घर दिसलं. आम्ही हातमोजे घालतो म्हणून वाचलो. तू आज उघडी पडलीस तर मॅडम काय तुझंच नख तपासून जाईल? प्रत्येकीचं तोंड उघडून बघेल. अकराही खोट्या. टाकी बंद. मग कोण खाणार काय?"

"पण तेजश्री..."

"ती काय मरतेय का?" शैला म्हणाली. "माहेरी आहे."

"तिच्या त्या सहा शेजारणी..."

"त्यांना सवय असते," ताराक्का म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं नाही. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. "तुला नाही. मला नाही. बस आता. पाय दुखतील."

उज्ज्वलाला वाटलं, आपण अजून उभ्या आहोत. मग तिला खुर्चीचा गारवा लागला. ती बसलेली होती.

ठराव शैलाने मांडला. या हंगामात कोणताही प्रयोग करू नये. हात वर झाले. शेवटी सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. उज्ज्वलाचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून तिने डावा केला.

"बाहेर सांगायला तूच जा," ताराक्का म्हणाली. "तुझं ऐकेल ती."

पट्टी

वारा सुटला होता. छपरांचं प्लास्टिक फडफडत होतं. कळश्या घेतलेल्या बायका बांधावर बसल्या होत्या, तेजश्री उभीच होती.

"काय ठरलं?"

"पीक भरात आहे," उज्ज्वला म्हणाली. "या हंगामात नको म्हणतात."

"आणि पुढच्या?"

"पुढचं पुढं बघू."

"तुम्ही काय म्हणालात?"

उज्ज्वलाने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं, मी उभी राहिले होते. ते खरं होतं. पण त्याच्यापुढे काहीच जोडता येईना.

तेजश्रीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कांडी चालत नसली की ती असं बघायची, दोष कुठे आहे ते शोधत. मग ती पुढे आली, पट्टीवरून पाय टाकून, आणि तिने उज्ज्वलाचं मनगट धरलं.

"ताई, खरं सांगा. तुम्हाला तरी वाटतं का माझ्यामुळे आहे?"

जगात अकरा बायकांना पक्कं माहीत होतं की या हातावर काही नाही. उज्ज्वलाला सगळ्यांत पक्कं माहीत होतं. गोदामाचं दार बंद होतं, खिडकीत कोणी नव्हतं, बघणारं गटातलं कोणी नव्हतं. तिला काहीही म्हणता आलं असतं. काही न म्हणता हात तसाच राहू देता आला असता.

तिने मनगट हिसकावलं. दोन पावलं मागे झाली. आणि मागे होताना, ठरवून नाही, विचार करून नाही, तिने तो हात पदराला पुसला.

बांधावरच्या बायकांपैकी एक उठून उभी राहिली.

तेजश्रीने पुसणारा हात पाहिला. पदर पाहिला. मग ती वळली, पट्टी ओलांडून पलीकडे गेली, आणखी दोन पावलं मागे सरकली आणि तिथून, ओरडावं लागू नये इतक्याच आवाजात, तिने विचारलं,

"एवढं लांब पुरे का, अध्यक्षबाई?"